तोंड फिरवणारी माणसं

फेलिशिया टीचरबद्दल सांगायचं तर आधी माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं. मी फटकळ आहे. कळव्याच्या आमच्या चाळीत चौदा खोल्या, आणि माझ्याशी एकदाही भांडलं नाही असं एक माणूस त्या चौदा खोल्यांत सापडायचं नाही. टीचर पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांनाही सोडलं नव्हतं. "आली अजून एक शहाणी," असं मी शेजारच्या मंजुळामावशींना म्हटलं, आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं. टीचरना ऐकू गेलं. त्या हसल्या, कॅनव्हासचे बूट दाराशी काढले आणि आत येऊन माझ्या मुलीसमोर जमिनीवर बसल्या.

माझी मुलगी मृणाल. तेव्हा सात वर्षांची होती. ती बोलत नाही, आजही नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलेलं, ते मी आणि माझ्या नवऱ्याने, कमलेशने, रडून-बिडून पचवलेलं. पण त्या वर्षी ती स्वतःचा डावा हात चावायला लागली. अंगठ्याच्या खालचा मांसल भाग. जखम भरायच्या आत पुन्हा तिथेच दात. पू झाला, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अंगठा हलायचा बंद होईल. आणि पोरगी डावखुरी. त्याच हाताने जेवते, त्याच हाताने खडू धरून लादीवर तासन्‌तास गोल काढते. तिच्याकडे स्वतःचं असं तेवढंच. शाळेने कळवलं, चावणं थांबेपर्यंत घरी ठेवा. दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने ती दिवसभर झोपून राहायची. मला दुसरं काही नको होतं. पोरीचा हात वाचायला हवा होता, बस.

टीचर ठाण्याच्या. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुनं कौलारू घर. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, आजोबांची खाडीला मिठागरं होती म्हणे. तीस वर्षं खास मुलांच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा अल्फान्सो आधीच वारलेला, एकुलता एक मुलगा जॉर्डन कॅनडात. घरात बसून काय करू, म्हणून अशा मुलांच्या घरी जायच्या. नवरात्रात टेंभी नाक्यावर मुंगीला वाट मिळत नाही, रिक्षा बंद, बस दुसरीकडून. तेव्हाही ही बाई स्टेशनापर्यंत चालत येऊन बरोब्बर चारला आमच्या दारात.

पहिले तीन दिवस त्यांनी काहीच केलं नाही. मांडीवर चौकटीची वही आणि हातात पेन्सिल घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मृणाल चावली की घड्याळ बघायचं आणि लिहायचं. मी तर पेटलेच. शीळफाट्याच्या गोदामात औषधं पॅक करायचं माझं काम, तिथून रजा काढून मी घरी बसलेली, आणि ही बाई पोरीचं रक्त बघत टिपणं काढतेय!

"टीचर, हे लिहून काय होणारे?"

"चावायच्या आधी काय होतं ते या रकान्यात," त्या म्हणाल्या. "चावल्यावर काय होतं ते या. हा दुसरा रकाना वाच गो."

मी वाचलं. मंजुळामावशींनी बिस्कीट दिलं. समोरच्या महेंद्रने मोबाइल दाखवला. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उचलून गॅलरीत नेलं. कोपऱ्यातल्या हेमांगीने खीर आणली.

आमच्या चाळीची ही रीतच आहे. दारं उघडी असतात आणि मूल रडलं की ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन तो धावतो. कोणाचं मूल म्हणून कोणी विचारत नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता! आणि टीचर म्हणत होत्या की त्याच मायेने पोरगी चावायला शिकली.

"तिला बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "शांत बसली तर कोणी येत नाही. चावली की अख्खी चाळ येते. तुझ्यामाझ्यापेक्षा ती हुशार आहे, तिने बरोबर हिशेब मांडलाय. ज्याच्या मागून काही मिळतं ते माणूस पुन्हा करतं. कुत्रंही करतं, कबुतरही करतं. मिळायचं बंद झालं की करायचं सोडतं. पण लगेच नाही हां."

मग त्या चौदा खोल्या फिरल्या. प्रत्येक दारात एकच सांगणं: पोर चावली की तोंड फिरवायचं. द्यायचं नाही, ओरडायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. मंजुळामावशी तर भडकल्याच. "रक्ताळलेल्या पोरीकडे पाठ करू? मी काय कसाई वाटले तुम्हाला?" टीचर शांतपणे म्हणाल्या, "मावशी, रक्त येणार नाही अशी सोय तुम्हीच करा. तुमच्याकडे मशीन आहे ना?" मावशींनी कमलेशची जुनी जीन्स फाडून तीन पदरी बाही शिवली, कोपरापासून अंगठ्यापर्यंत. शिवताना रडत होत्या आणि टीचरना शिव्या देत होत्या.

"आधी वाढेल," टीचरनी सांगून ठेवलेलं. "मिळत होतं ते मिळेनासं झालं की आधी जोर वाढतो. लिफ्ट आली नाही की आपण बटण चार वेळा दाबतो ना, तसं. चौथा-पाचवा दिवस सगळ्यात वाईट. त्या दिवशी कोणी विरघळलं तर ती शिकेल की नुसतं चावून भागत नाही, अजून जोरात चावायला लागतं. टिकलात तर दहा-बारा दिवसांत उतरेल."

चौथ्या दिवशी तसंच झालं. पोरीने भिंतीवर डोकं आपटलं. आबांनी गुपचूप मध्ये उशी सरकवली आणि तोंड फिरवलं. पोलिओचा डोस द्यायला आलेली मुलगी बघतच राहिली. गॅलरीत आठ-दहा माणसं उभी, सगळी भिंतीकडे तोंड करून. वहीत टीचर रोजच्या चावण्यांची रेघ काढायच्या, ती नवव्या दिवशी निम्म्यावर आली. मी पेढे आणले.

घाई केली. रेघ तिथेच अडली. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी सात वेळा. पुन्हा एक दिवस शांत, पुन्हा पाच वेळा. माझी रजा संपली, मी कामाला जायला लागले; टीचर नसतील तेव्हा वहीत आबा नोंदी करायचे. तीन आठवडे असे गेले. बाहीचे दोन पदर फाटले आणि खालची जखम पुन्हा ओली झाली.

टीचर बराच वेळ वही बघत बसल्या. मग म्हणाल्या, "कोणीतरी देतंय."

"कोण? नाव सांगा!"

"ते वहीत नाही. पण कसं देतंय ते आहे. दर वेळी देत असतं तर ती दर वेळी चावली असती. अजिबात कोणी देत नसतं तर एव्हाना थांबली असती. हे कधी देतंय, कधी नाही. ते सगळ्यात चिवट असतं, दर्शना. नेमकं कधी मिळेल ते कळत नाही, म्हणून सोडवत नाही."

मला काही पटेना. मग त्यांनी माझ्या कामाचं विचारलं. आमच्याकडे आधीचा सुपरवायझर तासाच्या ठोक्याला राउंड मारायचा. आम्ही बायका पन्नास मिनिटं गप्पा हाणायचो आणि शेवटची दहा मिनिटं हात चालवायचो. नवीन आलेला कधीही उगवतो, त्याच्या भीतीने दिवसभर मान खाली. मी हे सांगितलं तशा टीचर हसल्या. "बघ, तुला सगळं येतंय."

मग हसू थांबलं. पर्समधून मोबाइल काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. पडद्यावर जॉर्डनचं नाव, खाली ओळीने त्याला केलेले कॉल, बहुतेक न उचललेले. "माझ्या पोराने फोन कधीच उचलला नसता ना, तर मी एव्हाना लावायचं सोडलं असतं. दर रविवारी उचलला असता तर रविवारीच लावला असता. तो कधी उचलतो, कधी नाही. म्हणून मी रोज लावते. तीस वर्षं हेच शिकवलं गो मी दुसऱ्यांना. सगळं कळतं, तरी लावते."

मी चहा टाकला.

पण डोक्यात एकच किडा, कोण देतंय. मी मंजुळामावशींच्या दारात जाऊन तोंड सोडलं. तुमचाच हात सैल, माझ्या पोरीचा अंगठा गेला तर तुमच्या डोक्यावर, असलं काहीबाही बोलले. मावशींनी दार लावून घेतलं. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या कोणी दार लावत नाही. मग मी आबांकडे वळले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला तर चिक्की सापडली.

"हे काय आबा?"

रेल्वेत आयुष्य काढलेला ताठ माणूस, खाली बघत म्हणाला, "सूनबाई, ती माझी आहे. दात नाहीत, म्हणून चोखतो. पोरीला एकदाही दिली नाही. लेकीची शपथ." मेलेल्या लेकीची शपथ आबा कधी घेत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शनिवारी माझी सुट्टी होती. टीचरनी वही माझ्यापुढे ठेवली. त्यांनी रात्री बसून सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे पुन्हा मांडलेल्या. दुपारी जवळजवळ कोरं. सकाळी एखादा ठिपका. बाकी सगळे ठिपके संध्याकाळी सातनंतर.

"सातनंतर घरात कोण येतं?"

"मी येते. पण मी काही देत नाही हां! खाऊ नाही, मोबाइल नाही, तुमची शपथ!"

"ती चावली की तू काय करतेस?"

"काय करणार? कधी दमलेली असले की तुमचं ऐकते, भिंतीकडे बघत बसते. कधी नाही राहवत. धावते. हात सोडवते. मांडीवर घेते, डोक्यावरून हात फिरवते, रडते."

"आणि चावली नाही तर?"

चावली नाही तर मी पिशवी ठेवते, जेवली का म्हणून आबांना विचारते आणि गॅसकडे वळते. पोळ्या, भांडी, उद्याचा डबा. ती कोपऱ्यात खडूने गोल काढत असते आणि मी मनात म्हणते, बरं झालं बाई शांत आहे, कोणी हाक मारू नका तिला. महिनोन्‌महिने मी माझ्या पोरीला ती चावल्याशिवाय जवळ घेतलं नव्हतं.

"खाऊ नकोच होता तिला," टीचर म्हणाल्या. "चूक माझी. मी तीन आठवडे खाऊ शोधत बसले."

त्या दिवशी मी जशी रडले तशी आई गेली तेव्हाही रडले नव्हते. माझी लेक माझ्या मांडीसाठी स्वतःचा हात खात होती, आणि मी चाळभर चोर शोधत फिरत होते. मग उठून मावशींच्या दारावर थाप मारली आणि पाय धरले. मावशी म्हणाल्या, "ऊठ गं, नाटकं पुरे. बाही दे इकडे, चौथा पदर लावते."

टीचरनी नवी रीत बसवली. कामावरून आले की पिशवी दारात, गॅसकडे बघायचंही नाही, पहिला अर्धा तास मृणाल माझ्या मांडीवर. काही न करता, न मागता. आणि नंतर मी हवी असेन तेव्हा तिने माझ्या पाठीवर दोन थापा मारायच्या. टीचर तिचा हात आपल्या हातात धरून माझ्या पाठीवर मारायच्या, थप थप, आणि मी लगेच वळून तिला जवळ घ्यायचं. असं शंभरदा, दोनशेदा. चावली तर मात्र पाठ.

पुन्हा तो वाईट दिवस आला. मी भिंतीकडे तोंड करून बसलेली, मागे जीन्सच्या कापडावर दात घासल्याचा आवाज आणि तिचं कण्हणं. पाऊण तास. टीचर कोपऱ्यात वही घेऊन. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर जॉर्डनचं नाव मला बसल्या जागेवरून दिसलं. त्यांनी बघितलं, बोट फिरवलं आणि आवाज बंद केला. थोड्या वेळाने माझ्या पाठीवर काहीतरी लागलं. एक थाप. मग बऱ्याच वेळाने दुसरी. मी वळले तेव्हा टीचर डोळे पुसत होत्या. नंतर त्यांनी मुलाला फोन लावला. तो उचलला गेला नाही.

पंधरा दिवसांत चावणं थांबलं. महिन्याभराने बाही निघाली. अंगठ्याखाली पांढरा वण राहिला, पण अंगठा चालतो. मृणाल शाळेत परत गेली.

टीचर मात्र येत राहिल्या. दर शनिवारी चारला. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉल. मृणाल स्क्रीनवर दोन थापा मारायची आणि पलीकडून टीचर "काय गो राणी" म्हणायच्या. पुढे पुढे त्या मुद्दाम थोडं थांबून उत्तर द्यायला लागल्या. दोन थापांनंतर लगेच नाही, कधी चौथ्या थापेला, कधी सहाव्या. मला राग यायचा. "दर वेळी लगेच मिळालं तर ज्या दिवशी मिळणार नाही त्या दिवशी ही कोसळेल," त्या म्हणायच्या. "धीर धरायलाही शिकवावं लागतं." आणि एकदा असंच बूट घालता घालता म्हणाल्या, "शिकलेलं जुनं कधी मरत नाही हां दर्शना. नवीन चालेनासं झालं की जुनं डोकं वर काढतं. तेव्हा घाबरायचं नाही. तोंड फिरवायचं आणि थांबायचं."

परवाच्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. झोपेतच. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, उघडलं नाही. जॉर्डन विमानाने आला, तोपर्यंत तीन दिवस त्यांना शवागारात ठेवलेलं. आमच्या चाळीतून अकरा माणसं गेलो. आबा काठी टेकत, मंजुळामावशी पांढऱ्या साडीत. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं आम्हाला ठाऊक नाही. पुढच्यांकडे बघून उठत-बसत होतो. मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, संपल्यावर लोक एकेक करून उघड्या शवपेटीपाशी जायला लागले. मृणालचा हात धरून मीही गेले. ती आता चौदाची आहे, माझ्या खांद्याला लागते.

तिने टीचरकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

आणि थांबली. टीचरनी शिकवलेलं तशी, अगदी शहाण्यासारखी थांबली. मग पुन्हा दोन. पुन्हा थांबली. मागे रांग अडली, कोणीतरी खाकरलं. सहाव्या वेळी, आठव्या वेळी, थापा जोरात पडायला लागल्या, पेटी हलली. बाजूला उभ्या जॉर्डनने पुढे होऊन तिचा हात धरायला बघितलं. आणि मग तिने डावा हात तोंडात घातला. सात वर्षांनी. नेमक्या त्या पांढऱ्या वणावर.

बाया किंचाळल्या. माझं सगळं अंग तिच्याकडे धावलं. आतल्या आत धावलं, कारण बाहेर मी वळले. मृणालकडे पाठ केली. समोर आमची माणसं होती. आबांनी एक क्षण बघितलं आणि काठीवर भार देऊन तोंड भिंतीकडे केलं. मावशींनी केलं. महेंद्रने, हेमांगीने, कमलेशने. मृणाल सोडून आम्ही दहा माणसं, टीचरच्या पेटीकडे पाठ करून उभी. "ही कसली माणसं?" असं कोणीतरी इंग्रजीत म्हटलं. जॉर्डन माझ्या तोंडासमोर येऊन ओरडला, "तुमचीच मुलगी ना? रक्त येतंय तिला!"

"तुमच्या आईने शिकवलंय," मी म्हटलं. "दोन मिनिटं थांबा. पाया पडते, थांबा."

मग काय कळलं त्याला कोण जाणे, तोही वळला आणि आमच्या ओळीत उभा राहिला.

मागे तिचं कण्हणं. चर्चमध्ये बाकी आवाज नाही. समोर मावशींची पाठ हलत होती. मी डोळे मिटले आणि मनात म्हणत राहिले, टीचर, टीचर, टीचर.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. कण्हणं थांबलं. चपला घासत आल्या. आणि माझ्या पाठीवर थाप पडली, ओली. मग दुसरी.

मी वळले आणि तिथेच खाली लादीवर बसून तिला मांडीवर घेतलं.